बिनव्याजी खिडकी उघडा: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया, सविनय नमस्कार.

माझी आई दर तीन महिन्यांनी रत्नागिरीच्या बँकेत पासबुक भरून आणते. व्याजाच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवते. वर्षअखेरीला ते मोहल्ल्यातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला जातात. पुण्य कमावण्याचा हिशेब त्यात नसतो, इस्लाममध्ये व्याज घेणं-देणं निषिद्ध म्हणून ते घरात राहू नये एवढंच. स्लॅब टाकायला तिने दागिने मोडले, पण कर्जाच्या अर्जावर सही केली नाही.

अशा खातेदारांचा विचार झाला नव्हता असं नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंग सुचवलं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने नेहमीच्या बँकांत बिनव्याजी खिडकी, म्हणजे व्याजाशिवाय व्यवहार करणारा वेगळा विभाग, उघडायची शिफारस केली. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून रिझर्व्ह बँकेचं उत्तर मिळालं: प्रस्ताव पुढे नेणार नाही, कारण बँकसेवा सगळ्यांना सारखीच खुली आहे. दार खुलं आहे हे खरंच, पण आत आईला घेता येईल असं कर्ज नाही.

माझ्या भावाला होडीला इंजिन हवंय. मुराबहा या बिनव्याजी पद्धतीत बँक ते इंजिन स्वतः विकत घेईल, आपला नफा आधी सांगेल आणि हप्त्यांनी त्याला विकेल. ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. आपल्याकडे १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं कलम ८ आडवं येतं, बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. ब्रिटनमध्ये घर असं दोनदा विकलं गेलं की मुद्रांक शुल्कही दोनदा पडायचं; त्यांनी २००३ मध्ये कायदा बदलला. २०१४ मध्ये तर तिथल्या सरकारने स्वतःच २० कोटी पौंडांचे सुकूक, म्हणजे व्याज नसलेले इस्लामी रोखे, काढले.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. बंगळुरूच्या आय मॉनेटरी अॅडव्हायझरीने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो ठेवीदारांना बुडवलं, ते २०१९ मध्ये उघड झालं. त्यात आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसं होती. रिझर्व्ह बँकेच्या नजरेखालची खिडकी असती, तर त्यातले कितीतरी जण तिथेच गेले असते.

माझी मागणी मोठी नाही. कलम ८ मध्ये गरजेपुरती सवलत द्या आणि एका सरकारी बँकेच्या चार-पाच शाखांत, कुठल्याही धर्माच्या माणसासाठी, ही खिडकी सुरू करून बघा. त्यातली एक शाखा किनाऱ्यावरची असावी. इंजिनचं कोटेशन भावाकडे तयार आहे.

आपला नम्र,
रत्नागिरीचा एक खातेदार