परतायचं ते किती?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नांची यादी मिळाली. ‘परता’ म्हणजे किती परतायचं, ‘सोनेरी’ म्हणजे नेमका कुठला रंग, ‘मंद आच’ म्हणजे बटण कुठे आणायचं. वैताग आला असेल तर तो अगदी रास्त आहे. पाककृती लिहिणाऱ्यांना जे हाताला माहीत असतं, ते कागदावर उतरतच नाही. फोनवर सांगायला गेलो की तू कढईसमोर उभी असतेस आणि मी पाल्हाळ लावतो. म्हणून हे पत्र. निवांत असताना वाच.

यादीतले शब्द सुटे सुटे पाठ करू नकोस. प्रत्येक शब्दापाशी एवढंच विचार, की इथे पाणी ठेवायचंय की घालवायचंय? उकळणं, उकडणं, वाफवणं, शिजवणं ही पाण्याच्या जिवावर चालणारी कामं. भाजणं, तळणं, खरपूस करणं ही पाणी हुसकावून लावायची. परतणं मधलं आहे, म्हणून तेच सगळ्यांना चकवतं.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि उघड्या भांड्यात त्याच्या पुढे जात नाही, आच कितीही वाढव. वाढलेल्या आचेने फक्त वाफ जास्त होते. उलट तांबूस रंग आणि खमंग वास झपाट्याने यायला साधारण १४० अंशांच्या वरची उष्णता लागते. साखर आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तापून हा रंग धरतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे मांडलं, म्हणून त्या क्रियेला त्याचंच नाव आहे. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की कढईत पाणी आहे तोवर रंग धरणार नाही.

आता तुझा कांदा. ‘पाच मिनिटांत सोनेरी’ असं ज्याने लिहिलंय त्याने घड्याळ बघितलेलं नाही. कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. ते जाईपर्यंत तो आधी मऊ आणि पारदर्शक होतो, मग गुलाबीसर, मग कडांकडून सोनेरी, आणि त्यानंतर तांबूस. गुलाबीसर व्हायला दहाएक मिनिटं धर. एकसारखा गडद तांबूस हवा असेल तर मध्यम ते मंद आचेवर अर्धा-पाऊण तास जातो. घाईने आच वाढवलीस तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. सुरुवातीला चिमूटभर मीठ टाकलंस की कांद्याला पाणी लवकर सुटतं. बुडाशी लागायला लागला तर चमचाभर पाण्याचा हबका मार आणि खरवडून घे. तो तपकिरी थर फेकायचा नसतो, त्यातच चव असते. काळा झाला असेल तर मात्र कडवट लागणार, तिथे काही इलाज नाही.

‘तेल सुटेपर्यंत’ हेही त्यातलंच. वाटणात पाणी असतं तोवर तेल त्यात मिसळून राहतं. पाणी गेलं की ते कडेला वेगळं दिसायला लागतं. त्याआधी तुला आवाजावरून कळेल. वाटण ओलं असताना फदफदतं, पाणी संपत आलं की चरचरायला लागतं. स्वयंपाक करताना कानात गाणी लावतेस ना, ती थोडे दिवस बंद ठेव.

भाजी परतायला घेतली की ती शिजवल्यासारखी लिबलिबीत होते, असं लिहिलंयस. कढई छोटी आणि भाजी ढीगभर असणार. सगळी एकदम टाकलीस की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, त्याला उडून जायला जागा मिळत नाही आणि भाजी स्वतःच्याच वाफेत उकडते. धुतलेली भाजी फडक्यावर कोरडी कर, कढई आधी नीट तापू दे, दोन-तीन घाण्यांत परत आणि झाकण ठेवू नकोस. मऊच हवी असेल तर खुशाल झाक. ‘झाकण ठेवून एक वाफ काढा’ म्हणजे पाणी आत कोंडा, एवढंच ते सांगतात.

तळण्याचं तापमान १७० ते १९० अंशांच्या आसपास असतं. पदार्थ टाकल्यावर जे बुडबुडे येतात ते त्यातल्या पाण्याच्या वाफेचे. बुडबुडे कमी झाले की पाणी संपत आलं, काढायची वेळ झाली. तेल थंड असेल तर पदार्थ कुरकुरीत होत नाही, तेल पितो. पिठाचा बारीक गोळा टाकून बघ, लगेच तरंगत वर आला तर तेल तयार आहे. धूर यायला लागला तर जास्त तापलंय, आच कमी कर. आणि हे मात्र पाठ कर: तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही. तेलापेक्षा जड असल्यामुळे ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं. जमत असेल तर गॅस बंद कर, वर धातूचं झाकण सरकव आणि कढई हलवू नकोस. आग आवाक्याबाहेर जातेय असं वाटलं तर बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

पाण्याच्या बाजूला एवढी धांदल नसते. खळखळ उकळी आणि मंद उकळी यांत फरक कर. मंद उकळीत मधूनच एखादा बुडबुडा वर येतो, तापमान ८५ ते ९५ अंशांच्या घरात असतं. अंडी, रस्से, सूप यांना तीच बरी, खळखळ उकळीत अंडी भांड्यावर आपटून फुटतात. बटाट्याला एकदा उकळी आली की आच कमी केलीस तरी तो जवळपास तेवढ्याच वेळात शिजतो, मोठ्या आचेने नुसता गॅस जातो. वाफेला मात्र कमी लेखू नकोस. एक ग्रॅम वाफ गार वस्तूला लागून तिचं पाणी होताना सुमारे २,२६० ज्यूल उष्णता देते, तेवढंच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत नेण्याच्या पाचपटीहून जास्त. वाफेचा चटका म्हणूनच वाईट लागतो. झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचल.

कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं आणि वेळ वाचतो. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचं पहिलं रूप बनवलं, सुरक्षा झडपही त्यानेच बसवली. तुझी डाळ शिजत नाही म्हणतेस, तर आंबट पदार्थ आधीच घालत असशील. दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन आंबटामुळे लवकर सैल होत नाही. डाळ आधी मऊ शिजव, आंबट नंतर.

फोडणीत क्रम महत्त्वाचा. मसाल्यांचा वास पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणून ते आधी तेलात. अख्खे दाणे पहिले, कारण त्यांना तापायला वेळ लागतो. पूड शेवटी, कारण ती काही सेकंदांत जळते. पूड टाकलीस की लगेच काहीतरी ओलं घाल, त्याने तेलाचं तापमान उतरतं. लसणाचंही तसंच, बारीक चिरलेला असेल तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काळा.

चिरण्याबद्दल फार सांगत नाही. सारख्या आकाराचे तुकडे कर म्हणजे सारखे शिजतील, डाव्या हाताची बोटं आत वळवून धर, आणि सुरीला धार असू दे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते.

‘चवीपुरतं मीठ’ यावर आईचं आणि माझं कधी जमलेलं नाही. ती एकदाच घालते आणि बरोबर घालते. तू थोडं थोडं घालून चाखत जा. पण जे आटवायचंय त्यात मीठ शेवटी. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं.

राजमा करणार आहेस म्हणून दोन ओळी जास्त. रात्रभर भिजव, ते पाणी टाकून दे, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळ आणि मग मऊ होईपर्यंत शिजव. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. कमी आचेवर तासन्‌तास ठेवून ते जात नाही, इथे मंद उकळी चालणार नाही. आणि उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नकोस. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक.

यादीतलं पीठ तिंबण्याचं राहिलं. ते लिहून समजणार नाही, शनिवारी व्हिडिओ कॉल कर, आई दाखवेल. कुकरची रिंग सैल झाली असेल तर आधी ती बदल.

तुझा,
बाबा