पाणी उतरेपर्यंत

परतवाडा,
आषाढ वद्य

प्रिय दोस्ता,

परवा एकट्यानं चिखलदऱ्याची वाट धरली. एस्टीनं नाही, पायी. पहाटे पाचला परतवाडा सोडलं, धामणगाव गढी करत मोथ्याला पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. तीसेक किलोमीटर होतात. पोटऱ्या अजून धरलेल्या आहेत, म्हणून खाटेवर बसूनच लिहून राहिलो.

तरणा सरून म्हातारा पाऊस लागलाय. खाली नुसती झिमझिम होती. पऱ्हाटी गुडघ्याला आलीय, बाया पोत्याच्या खोळा डोक्यावर घेऊन निंदत होत्या. काळ्या मातीनं जीव काढला. बूट झटकायचा, की चार पावलांत पुन्हा तेवढाच जड. घाटाच्या पायथ्याशी काळी सरून मुरूम लागला तेव्हा कुठं पाय मोकळे झाले.

साग फुलावर आलाय. त्याच्या पानांवर पाऊस केवढा वाजतो, आठवतं? एक कोवळं पान तळहातावर चोळलं, हात लालभडक. हॉस्टेलच्या पोरांना तू ‘हात कापला’ म्हणून हेच दाखवलं होतंस.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं. सडक सोडून जुन्या पायवाटेला लागलो आणि आपला नाला आडवा आला. वरून धो धो येत होता, काडीकचरा, पानं, चहाच्या रंगाचं पाणी. मोहाखाली एक कोरकू म्हातारा दोन बकऱ्या घेऊन बसला होता. मी बूट सोडायला लागलो तर म्हणाला, ‘बैठो भाऊ, उतरेगा.’ त्यानं पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि तंबाखू काढली.

डोंगरातलं पाणी असंच. उतार कडक, मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण; मुरायला जागाच नाही. माथ्यावर सर आली की आपल्या डोक्यावर थेंब नसताना नाला भरतो, आणि सर थांबली की तसाच उतरतो. आम्ही दीड तास बसलो. त्याच्या भाषेत पाण्याला ‘डा’ म्हणतात, एवढं मला शिकवलं. बाकी आम्ही दोघंही दगडाकडे पाहत होतो. आधी पाणी दगडाला भिडलेलं, मग वीतभर मागं, मग दोन हात. पाण्यातला कचरा संपला तसा तो उठला आणि बकऱ्या घालून पुढं झाला.

दीड तास, दोस्ता. बावीस वर्षांपूर्वी आपल्याकडे तेवढाही वेळ नव्हता. ‘गुडघ्याएवढं तर आहे, चल बे,’ मीच म्हणालो होतो. पाणी होतंही गुडघ्याएवढंच, पण ओढ काय होती! गोट्यावरून तुझा पाय सरकला, आणि तुझ्या पिशवीचा पट्टा माझ्या हाताला लागला तो निव्वळ नशिबानं. तू घरी कुणाला सांगितलं नाहीस. मला एका शब्दानं बोलला नाहीस. मला मात्र तो ओला पट्टा अजून रात्री हातात जाणवतो. चूक माझी होती. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, तेव्हाच.

त्या दिवशी घाई कशाची होती, तर अंधाराच्या आत गाविलगड गाठायचा. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं १८०३ च्या डिसेंबरात तोफा डोंगरातून ओढत गडाच्या उत्तरेला कशा नेल्या, हे तू मला वाटभर सांगत होतास. आणि दिल्ली दरवाज्यावरचं गंडभेरुंड तुला पाहायचं होतं, पंजात हत्ती धरलेलं दोन तोंडांचं पाखरू. आपण ओल्या कपड्यांनी नाल्यावरूनच माघारी फिरलो.

मोथ्याला रात्री एका गवळ्याच्या ओसरीवर टेकलो. त्यानं गरम दूध दिलं, पैसे घेतले नाहीत. सकाळी धुकं फाटलं होतं. गड तासाभरावर, पण मी खाली येणारी गाडी धरली. ते पाखरू तुझ्याशिवाय पाहवलं नसतं.

दसऱ्याला ये. तेव्हा त्या नाल्यात घोट्याएवढं पाणी असतं, आणि नसलं तर बसू.

तुझाच