शिक्षक दिनी जे. पी. नाईकही आठवावेत

महोदय,

आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे ५ सप्टेंबर १९०७ रोजी जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे नाव शिक्षक दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते, हे कोल्हापूरकरांना शोभणारे नाही. स्वातंत्र्यलढ्यातील कारावासानंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी साक्षरता आणि आरोग्याचे काम सेवाभावाने केले. पुढे कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव म्हणून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार मांडतानाही त्यांचे लक्ष सामान्यांच्या मुलांवरच राहिले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतील त्यांचा वाटा (गारगोटी ज्या तालुक्यात येते त्या भुदरगडबाहेर तो कितीजणांना ठाऊक असेल?) विद्यार्थ्यांना सांगितला जावा, अशी सूचना जिल्हा परिषदेने आपल्या शाळांना द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर