वेळापत्रकात वह्याही धरा

महोदय,

मध्य प्रदेशात शाळांचे सत्र 1 एप्रिलला सुरू होते, म्हणजे इंदूरच्या शाळांत वेळापत्रके मार्चमध्येच आखली जातात. शिक्षक का टिकत नाहीत ही चर्चा मात्र दिवाळीनंतर, कुणी राजीनामा दिला की होते. तेव्हा बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

पगाराचा प्रश्न मोठा आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. बरा पगार असलेल्या बाईसुद्धा दोन-तीन वर्षांत थकतात, त्या बऱ्याचदा वह्यांनी. सहावी ते आठवीच्या पाच तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या बाईंचा आठवडा मांडून पाहा. रोज 40 मिनिटांचे 6 पीरियड, सहा दिवस, म्हणजे 24 तास. तुकडीत 40 मुले धरली तर वह्या 200. एका वहीला अवघी तीन मिनिटे दिली तरी 10 तास. धड्यांची तयारी सहा तास. झाले 40. प्रश्नपत्रिका, पालकांचे फोन, बसची ड्यूटी अजून यायचीच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत तयारीसह आठवड्याला किमान 45 तास सांगितले आहेत. कायद्यात तो आकडा किमान असला, तरी माणसाला तेवढे पुष्कळ झाले.

वेळापत्रकात फक्त पीरियड दिसतात, वह्या घरी जातात. ‘प्रत्येक पानावर सही’ हा नियम आधी काढावा. रोज प्रत्येक तुकडीतल्या चार वह्या, एकूण 20, नीट तपासाव्यात. हे तासाभराचे काम आहे आणि दहा दिवसांत सर्व मुले होतात. क्रम आधी सांगू नये, नाहीतर ज्यांची पाळी नाही ती मुले गृहपाठ कोरा ठेवतात. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढाव्यात. चूक सुधारून द्यायची नाही, फक्त खूण करायची: ‘चि’ म्हणजे चिन्ह चुकले, ‘पा’ म्हणजे पायरी गाळली, ‘ए’ म्हणजे एकक राहिले. मुलाने ते स्वतः दुरुस्त करायचे. तीच चूक पाच-सहा वह्यांत दिसली तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यावी. पालक लाल शेरे मागतात हे खरे. म्हणून ही पद्धत एप्रिलच्या पालकसभेत शाळेनेच लेखी सांगावी, ते ओझे बाईंवर टाकू नये.

हा तास शाळेतच बसतो, कारण आठपैकी दोन पीरियड मोकळे असतात. ते पीरियड खाऊन टाकते ती अरेंजमेंट, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्याचे काम. स्टाफरूममध्ये जो दिसेल त्याच्या हाती चिठ्ठी जाते, आणि नवीन शिक्षकाला नाही म्हणता येत नाही. कुणाला किती अरेंजमेंट लागल्या याचा तक्ता भिंतीवर लावावा. आठवड्याला दोनच, त्यापुढे दोन तुकड्या ग्रंथालयात किंवा मैदानावर एकत्र बसवाव्यात.

माहिती भरण्याचे काम वेगळेच छळते. समग्र (मध्य प्रदेश सरकारची कुटुंब-ओळख नोंद), आधार आणि शाळेच्या दाखल-खारीज म्हणजे प्रवेश नोंदीच्या रजिस्टरात नाव एकसारखे नसेल तर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, अडतो. आपल्या मराठी मुलांचे हे हमखास होते, कारण एकीकडे मधे वडिलांचे नाव असते, दुसरीकडे नसते. मग वर्गशिक्षिका संध्याकाळभर पालकांना फोन करत बसते. प्रवेशाच्या वेळीच कार्यालयातल्या बाबूंनी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवले तर हे सगळे टळते.

सरकारी शिक्षकांबाबत कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देता येत नाही. मतदारयादीचे कामही सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सेंट मेरीज स्कूल प्रकरणात सांगितले आहे. बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामाचा, आदेश शाळेच्या वेळेतला आला तर कोणत्या वर्गाचे किती पीरियड रिकामे जातील हे मुख्याध्यापकांनी लेखी कळवावे. सुट्टीत काम केले म्हणजे विश्रांती गेली, हेही कुणीतरी मोजले पाहिजे.

आवाजाकडेही लक्ष हवे. पंख्यांच्या घरघरीवर ओरडून सलग चार पीरियड घेतले की घसा बसतो. सलग तीनपेक्षा जास्त ठेवू नयेत. कमरेला लावायचा छोटा माइक शाळेने घेऊन द्यावा. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मन फारच खचले असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तो स्टाफरूममध्ये लावून ठेवावा.

नवीन शिक्षकाला पहिल्या वर्षी आठवड्याला चार पीरियड कमी द्यावेत आणि त्याच विषयाच्या अनुभवी शिक्षकाबरोबर एक मोकळा पीरियड सामायिक ठेवावा. वेळापत्रक आखतानाच हे जमते, जुलैत नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी निदान एका शिक्षकाचा आठवडा वह्यांसकट कागदावर मांडावा, आणि बेरीज 45 च्या वर गेली तर त्यातले एक काम तिथेच काढून टाकावे.

आपले,
काही निवृत्त शिक्षक व मुख्याध्यापक, इंदूर