सेमाडोहच्या रस्त्यावरील अनाम मदतगारांचे आभार

गेल्या मार्गशीर्षात आम्ही कुटुंबीय परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघालो असताना, घाटातील एका वळणावर आमच्या गाडीचे चाक पंक्चर झाले आणि जॅकही निकामी निघाला, तेव्हा ज्यांनी आम्हांला मदत केली त्या सर्वांचे मी जाहीर आभार मानतो. 1973-74 मध्ये देशात घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक असल्याने, दिवस मावळतीला आलेला असताना तेथे अडकून पडणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. मोबाइलला रेंज नव्हती.

धारणीकडून येणाऱ्या मालट्रकच्या चालकाने आपण होऊन ट्रक थांबवला, मागेपुढे दगड लावून गाडी स्थिर केली आणि स्वतःच्या जॅकने चाक बदलून दिले. पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. दरम्यान गस्तीवरील एक वनरक्षक तेथे आले. सिपना नदीकाठचे सागवान मुलांना दाखवायला मी दोनदा गाडीतून उतरलो होतो, हे ऐकून त्यांनी मला सौम्य शब्दांत, पण चांगलेच बजावले, आणि ते योग्यच होते. पुढे सेमाडोहपर्यंत ते मोटारसायकलने आमच्यापुढे राहिले.

तेथे ज्या कोरकू आजींनी आमच्या भेदरलेल्या धाकटीला चुलीजवळ बसवून गरम दूध दिले, त्यांची भाषा आम्हांला येत नसल्याने आभाराचे दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. ते येथे लिहीत आहे.