ढेरपोट्या तो गौतम बुद्ध नाही, संपादक साहेब

महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'घरात बुद्धमूर्ती कुठे ठेवावी' म्हणून अर्धं पान दिलंय, दिशा, पैसा, बरकत सगळं आलं त्यात, ते छापायचं तर छापा, वास्तूवाल्यांनाही घर चालवायचंय. पण वर फोटो टाकलाय हसणाऱ्या ढेरपोट्या बाबाचा आणि खाली लिहिलंय 'भगवान गौतम बुद्ध'. पांडवलेणी ही बौद्ध लेणी ज्या नाशकात आहेत तिथल्या पेपरात हे यावं म्हणजे कमाल झाली.

तो बाबा म्हणजे बुदाई. चीनमधला दहाव्या शतकाच्या आसपासचा फिरस्ता भिक्खू, खांद्यावर कापडी झोळी, लोकांनी त्याला मैत्रेयाचं रूप मानलं, म्हणजे पुढे यायचाय तो बुद्ध. जपानात तोच होतेई झाला आणि सात शुभदेवतांमध्ये जाऊन बसला. माणूस चांगलाच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, मेनरोडवरच्या गिफ्टच्या दुकानात तो खुशाल हसू दे. फक्त 'स्वतः विकत घ्यायचा नाही, कुणीतरी गिफ्ट द्यायला लागतो' हे कुठल्या त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथात, लिहिलंय तेवढं कुणी दाखवा.

मूळ घोळ असा की पिक्चर, कार्टून, जाहिराती बघून बघून आपल्या डोक्यात ज्ञान मिळालेल्या माणसाचं एकच चित्र बसलंय, डोळे मिटलेला, डोक्यामागे लाइट, जमिनीपासून वीतभर वर तरंगणारा कोणीतरी, त्याला ना दुखतं ना खुपतं. आणि ज्ञान म्हणजे खटकन बटण दाबल्यासारखं. इगतपुरीला धम्मगिरीवर, विपश्यनेच्या केंद्रात, दहा दिवस बसून आलेल्या माझ्या भाच्याला ऑफिसात पहिला प्रश्न हाच, काय रे, झालास का बुद्ध? अहो, परंपरेत त्याच्या पायऱ्या आहेत. स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि मग अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला. पहिल्या पायरीवरच्याला पण जास्तीत जास्त सात जन्म बाकी असं मानतात, आणि त्या पायरीवर अनाथपिंडिकासारखा व्यापारी, घरसंसारवाला माणूस सुद्धा होता. स्वतःच्या बळावर ज्ञान मिळवलं पण शिकवत बसला नाही तो प्रत्येकबुद्ध. सगळ्यांना तारायचं व्रत घेतलेला तो बोधिसत्त्व, ही महायान पंथातली गोष्ट, थेरवाद या जुन्या पंथात बोधिसत्त्व म्हणजे मुख्यतः बुद्ध होण्याआधीचे गौतमच, जातककथांमधले.

आणि अर्हत झाले कोण कोण ते तरी बघा, उपाली न्हावी होता, सुनीत रस्ते झाडायचा, अंगुलिमालाने तर माणसं मारली होती, मेलेलं लेकरू छातीशी धरून दारोदार औषध मागत फिरणारी किसागोतमी, ती पण अर्हत झाली. यातलं कोण तुमच्या शोकेसमध्ये बसेल? स्वतः बुद्धांचं बघा. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत बोलून झाल्यावर ते आपल्या शिष्याला, आनंदाला म्हणाले की आता पुढचं तू सांग, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. मला हा प्रसंग हजार चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो. आमच्या विहारात रविवारी पोरं 'नमो तस्स भगवतो अरहतो' म्हणतात त्यात बुद्धांनाही अर्हतच म्हटलंय, देव नाही. बाबासाहेबांनीही हेच तर ठासून सांगितलं, बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नाही, आणि १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही हे वेगळं घातलं. ते नागपूरला झालं खरं, पण धर्म बदलायची घोषणा १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला झाली होती ना.

आता पांडवलेणीचं. एकूण चोवीस लेणी. सुरुवातीच्या लेण्यांमध्ये बुद्धाची मूर्तीच नव्हती, अठरा नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, पूजेला स्तूप आहे बस्स. तीन नंबरचं लेणं गौतमी बलश्रीने, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईने, भिक्खूंना राहायला दान दिलं, तसं तिथे कोरलेलंच आहे. मूर्ती आल्या त्या पुढे महायानी काळात. तेवीस नंबरमध्ये मोबाईलचा टॉर्च मारला की मधे बुद्ध दिसतात आणि बाजूला पद्मपाणी, वज्रपाणी हे बोधिसत्त्व. मी गेलो होतो तेव्हा एक गृहस्थ पोराला सांगत होते, हा धर्मराज, हा भीम बरं का! त्यांना तरी काय बोलणार. गंमत म्हणजे हा पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वरच, जपानात त्याला कान्नोन म्हणतात, आणि कॅनन कंपनीने १९३४ मध्ये पहिला कॅमेरा बनवला त्याचं नाव याच्यावरूनच क्वानन ठेवलं होतं. म्हणजे त्याच्याच नावाच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि वर त्याला भीम म्हणायचं.

तेव्हा दोन मागण्या. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच साइजमध्ये दुरुस्ती छापा, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नको. आणि लेण्यांमध्ये कोण बुद्ध, कोण बोधिसत्त्व हे मूर्तीपाशीच साध्या मराठीत, पोरांना वाचता येईल असं लावा म्हणून पुरातत्त्व खात्याकडे तुमच्या पेपरने पाठपुरावा करावा, आमच्यासारख्यांच्या अर्जाला कोण विचारतंय.

आपला,
एक जुना वाचक, नाशिकरोड