बाहेरून घ्या म्हणता, पण पुढची चाळीस वर्षं कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संरक्षण खरेदीवरचा परवाचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचून विश्वासच बसला नाही की नाशिकच्या आवृत्तीत हे छापून आलंय. लेखकाचं म्हणणं एवढंच की स्वदेशीचा हट्ट सोडा, आपल्या देशी लढाऊ विमानाची, तेजसची वाट बघत बसू नका, जगात जे बेस्ट मिळतं ते पैसे टाकून घ्या आणि मोकळे व्हा. जवानांच्या हातात बेस्ट असलं पाहिजे याबद्दल कुणाचं दुमत असेल असं मला वाटत नाही. पण अख्ख्या लेखात विमानाचा स्पीड आहे, मिसाइलची रेंज आहे, किंमत आहे, आणि स्पेअर पार्टबद्दल एक ओळ नाही. एकसुद्धा नाही. लढाऊ विमान म्हणजे फ्रिज नाही की दुकानातून आणला, प्लग लावला आणि विसरलो. ते तीस-चाळीस वर्षं चालवायचं असतं, आणि तेवढी वर्षं त्याचं सील, बेअरिंग, पंप, सॉफ्टवेअर सगळं त्याच विकणाऱ्याकडून, तो म्हणेल त्या भावात आणि तो म्हणेल तेव्हा.

१९९८ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचं काय झालं ते लेखकाने जरा काढून बघावं. हेलिकॉप्टर घेतलं ब्रिटिश कंपनीकडून, पण आतले कितीतरी पार्ट अमेरिकन, ते यायचे बंद झाले आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. तेजसवर काम करणारे आपले इंजिनिअर तिकडे अमेरिकेत होते त्यांनाही परत पाठवलं. पुढच्याच वर्षी कारगिल झालं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी नंतर जाहीरपणे सांगितलंय की त्या वेळी ज्यांच्याकडे मागितलं त्यांनी आपल्या अडचणीचा जमेल तेवढा फायदा घेतला, सॅटेलाइटचे फोटो तीन वर्षं जुने दिले, दारूगोळा सत्तरच्या दशकातला दिला. हे कुणा कारखानदाराचं म्हणणं नाही, त्या युद्धात सैन्याचं नेतृत्व केलेल्या माणसाचं आहे. आणि आत्ताचं बोलायचं तर शत्रूची विमानं-मिसाइल पाडणाऱ्या रशियाच्या एस-४०० च्या पाच युनिटचा करार २०१८ चा, तीन आली आणि उरलेली दोन रखडली कारण रशिया स्वतःच युक्रेनमध्ये गुंतला. त्यात रशियाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कुठलाही देश आधी स्वतःचं सैन्य बघणार.

तेजस उशिरा येतंय हे खरंच आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ८३ विमानांची ऑर्डर दिली, २०२४ पासून मिळायला हवी होती, मिळाली नाहीत. पण का नाही मिळाली हेही सांगा ना! ९९ इंजिनं अमेरिकेकडून यायची होती, त्यातलं पहिलं २०२५ च्या मार्चमध्ये आलं. रडार आणि मिसाइलचं जुळवणीचं कामही लांबलं, त्याचा दोष आपलाच आहे, तो मी झाकत नाही. पण मुख्य अडलं ते इंजिनावर. म्हणजे बाहेरून घेतलेल्या वस्तूमुळे घरातलं विमान अडलं आणि त्यावरून लेखक निष्कर्ष काढतात की घरातलं बंद करा आणि अख्खं विमानच बाहेरून घ्या. हे मला खरंच समजलं नाही. १९६१ मध्ये आपलं पहिलं देशी जेट लढाऊ विमान मारुत उडालं तेव्हाही हेच झालं होतं, विमान आपण उत्तम बनवलं आणि त्याला लागेल एवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाचं काम १९८९ ला मंजूर झालं, २००८ ला ते तेजसपासून वेगळं केलं. एवढ्या वर्षांत त्यावर किती पैसा टाकला आणि आयातीवर किती टाकला याची तुलना तुमच्या पेपरने एकदा छापावी, मग कळेल हट्ट कुणाचा कुठे होता.

मी काही सगळी आयात बंद करा म्हणणारा माणूस नाही. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत आणि मिग-२१ गेल्यावर उरल्यात २९. ही दरी लगेच भरायची तर काही विमानं बाहेरून घ्यावीच लागतील, ३६ राफेल घेतली तेव्हाही माझा विरोध नव्हता. आपल्या देवळालीलाच २०१८ मध्ये के-९ वज्र तोफ सैन्यात आली, डिझाइन कोरियाचं पण तोफ बनते इथे, भारतीय कंपनी बनवते, वेळेत बनवली. असं घ्या ना! नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात साठच्या दशकापासून मिग बनले, मग सुखोई बनले, हजारो हात तयार झाले, पण आपण तिथे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर पार्ट बनवायला शिकलो, ड्रॉइंग काढायला नाही शिकलो. घेताना ते शिकण्याची अट घातली नाही तर पन्नास वर्षांनीही आपण खरेदीदारच राहणार.

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. लेखात एक वाक्य आहे, "आपल्या लघुउद्योगांकडे या दर्जाचं काम करण्याची कुवत नाही." हे वाक्य लिहिणाऱ्याने नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या एकाही वर्कशॉपमध्ये पाय ठेवलेला नाही हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझं छोटं वर्कशॉप आहे, कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशीन, एक जुनं ग्राइंडिंग मशीन. काही वर्षांपूर्वी संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने (नाव घेत नाही, अजून धंदा करायचाय) एक बुश (यंत्रात बसणारी धातूची बारीक नळी) करून द्याल का म्हणून विचारलं. हाताच्या मुठीत मावेल एवढा पार्ट, परदेशातून येतो, तिकडून मागवला की महिनोन्महिने येत नाही आणि त्याचा भाव ऐकून मला वाटलं पूर्ण पेटीचा सांगतायत, तर एका नगाचा होता. आम्ही हो म्हटलं. पहिली अडचण मटेरियलची, तो ग्रेड इथे मिळत नाही आणि बाहेरची मिल सांगते कमीत कमी एवढे टन घ्या, आम्हाला हवे होते थोडे किलो. शेवटी एका व्यापाऱ्याकडे उरलेला तुकडा सर्टिफिकेटसकट मिळाला. मग हीट ट्रीटमेंटला जॉब वाकडा व्हायचा, तो सरळ करता करता माझ्या सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या पोराने, रात्री जागवल्या, जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर तीनदा बदललं. आणि पोराने करून दाखवलं, मायक्रॉनमध्ये. मोठ्या कंपनीच्या टूल-रूममध्ये तपासलं, सगळी मापं पास.

त्यानंतर जे सुरू झालं ते मशीनवरच्या कामापेक्षा अवघड होतं. फाईल. इकडून तिकडे, तिकडून आणखी कुठे. एक साहेब म्हणाले टेस्टचा रिपोर्ट अमुकच लॅबचा पाहिजे, तो आणला तर त्यांची बदली झाली, नवीन साहेब म्हणाले हा फॉरमॅट जुना आहे. मग टेंडर निघालं त्यात अट, गेल्या तीन वर्षांत हाच पार्ट पुरवल्याचा अनुभव पाहिजे. अहो हा पार्ट देशात कुणी बनवलेलाच नव्हता, अनुभव कुठून आणायचा? तो फक्त परदेशी कंपनीकडेच असणार! शेवटी ऑर्डर तिकडेच गेली, त्याच भावात. आम्हाला नंतर समजूत काढल्यासारखे थोडेसे नग मिळाले, तेही एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याच्या, नावाखाली घासाघीस करून, आणि त्याचं पेमेंट दिवाळी गेली, पाडवा गेला तरी आलं नाही. २००६ चा कायदा आहे की लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे. तो कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर नाही, हे प्रत्येक वर्कशॉपवाल्याला माहीत आहे म्हणून कुणी दाखवत नाही. सीसी लिमिटवर, म्हणजे धंद्यासाठी उचललेल्या कर्जावर, व्याज मात्र बँकेने एक दिवस सोडलं नाही. ज्या पोराने तो बुश बनवून दाखवला तो पगार वेळेवर होईना म्हणून पुण्याला एका जर्मन कंपनीत गेला. आता तो तिकडे त्यांच्यासाठी तेच बारीक काम करतो, आणि उद्या ते त्यांच्या शिक्क्याने आपल्याच देशाला विकलं गेलं तर आपण म्हणणार बघा, परदेशी क्वालिटी.

कुवत नाही म्हणे!

बरं, घाई करून भलत्याच कुणाकडून घेतलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. धनुष तोफेसाठी जर्मन म्हणून दिलेली बेअरिंग चिनी निघाल्याचा गुन्हा २०१७ मध्ये सीबीआयने नोंदवला. तोफ स्वदेशी, पण तिची बेअरिंग बाहेरची आणि तीही नकली. तसल्या बेअरिंगचा कारखाना देशात उभा करायला कुणाला कंत्राटाची खात्री दिली होती का? कुणी पाच वर्षांची ऑर्डर लिहून देत असेल तर इथे मशीन घ्यायला माणसं तयार आहेत, घर गहाण टाकून तयार आहेत. पण एकेक नगासाठी दरवर्षी नवीन टेंडर काढलं तर कोण मशीन घेईल? पुण्यातल्या पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेने डिझाइन केलेली अटॅग्ज तोफ ४८ किलोमीटर मारा करते हे चाचणीत सिद्ध होऊनही ३०७ तोफांचा करार व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. परदेशी तोफ एवढी वर्षं चाचण्या देत बसली असती तर तिच्या देशाचा राजदूत दर महिन्याला दिल्लीत चकरा मारत असता. आपल्या तोफेसाठी चकरा मारणारं कोण आहे?

म्हणून माझी विनंती आहे की पुढचा लेख छापण्याआधी तुमचा एक प्रतिनिधी दिल्लीऐवजी इथे पाठवा. अंबडला कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारलं तरी किमान दहा वर्कशॉपवाले असे भेटतील ज्यांचं डेव्हलपमेंटचं काम पास होऊन ड्रॉवरमध्ये पडलंय. त्यांचे पार्ट बघा, त्यांची थकबाकी बघा आणि मग लिहा कुवत आहे की नाही. आणि लाइट गेल्यावर चालू जॉबचं काय होतं तेही दाखवू, पावसाळ्यात आठवड्यातून कितीदा तरी जाते, स्पिंडल मध्येच थांबतं, टूल तुटतं, महागाचं मटेरियल भंगारात जातं. त्याबद्दल मी आधीही तुम्हाला पत्र लिहिलं होतं, तुम्ही छापलंत पण विजेचा भागच नेमका कापलात. या वेळी जागा कमी असेल तर माझं नाव कापा, तो भाग कापू नका.

अजून एक. लेखाबरोबर फोटो छापलाय सुखोईचा आणि खाली लिहिलंय तेजस. ज्या गावाच्या हद्दीत दोन्ही विमानं बनतात तिथल्या पेपरने ही चूक करावी याचं फार वाईट वाटलं. सुखोईला दोन इंजिनं असतात, तेजसला एक. शाळेतली मुलं हा फोटो कापून वहीत चिकटवतात, कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती द्या.

आपला,
एक वर्कशॉपवाला, अंबड, नाशिक